चुन्याची निवळी

नोंदवहीत तुझं नाव तीनदा आहे, ओत्ताविया.
तिन्ही वेळा एप्रिलात.

पो नदीच्या खोऱ्यात ऊन चढू लागलं
की हातांची सालपटं निघायची बायाबाप्यांच्या,
गळ्याभोवती तांबडं कडं उमटायचं,
जळती दोरी कुणी घालून काढून घेतल्यासारखं.
मग जुलाब. मग
आपल्याच घराचं दार न ओळखणं.
मग पाणी:
कालवा दिसला की पाय आपोआप तिकडे.

तुला बाहेर ओढलं शेजारच्या जेल्मीनोने,
ओल्या कपड्यांनिशी नावेत बसवलं
आणि वेड्यांच्या बेटावर पोचवलं.

डॉक्टरांचं अक्षर सुरेख आहे.
"वय एकतीस. विवाहित. शेतमजूर.
विचारल्यास उत्तर देत नाही.
आपण उंदीर गिळला आहे असे म्हणते.
आहार: पोलेंता."

शेवटचा शब्द लिहिलाय
खिडकीला खिडकी म्हणावं तसा.

सकाळी पोलेंता, दुपारी, रात्री.
मक्याचं पीठ, पाणी, परवडलं तर मीठ.
पिवळाधमक गोळा फळीवर उलटायचा,
दोऱ्याने कापायचा,
छताला टांगलेल्या एकुलत्या खाऱ्या माशाला
घास नुसता घासायचा आणि तोंडात टाकायचा.
मासा महिनाभर पुरायचा.
गहू मालकाचा. अंडी मालकाची.
दूध वासराला,
वासरूही मालकाचंच.
पोट भरत होतं. तिथेच तर फसलात.

बेटावर डॉक्टर कवटी मोजत होते,
घराण्यात आणखी कोण वेडं, विचारत होते.
स्वयंपाकघरातल्या सिस्टर देओदाताला
वेडाबद्दल काही ठाऊक नव्हतं.
ती वाडग्यात दूध ओतायची,
त्यात अंडं फोडायची,
रविवारी हाडांचा रस्सा.
सहा आठवड्यांत तू मुलांची नावं सांगितलीस,
क्रमाने,
गेलेल्या धाकट्यासकट.

"बरी झाली." शिक्का. घरी रवानगी.
घरी काय होतं, ते वहीत नाही.
वही पुढच्या एप्रिलापर्यंत कोरी,
आणि मग पुन्हा तेच हात, तोच गळा,
तोच कालवा.

मी हे वाचते पाडोवात, भाड्याच्या खोलीत.
चुलीपाशी एउफ्रोसिना, वाहाकाची,
रात्रपाळी करून आलेली, डोळे तारवटलेले,
तरी शनिवार म्हणून मका शिजत घातलाय
चुन्याच्या निवळीत.
रात्रभर तसाच ठेवेल.
सकाळी साल चोळून काढेल,
बोटं पिवळी होईपर्यंत.
"कशाला एवढा खटाटोप?"
"नाहीतर मका मका होत नाही," म्हणाली,
आणि डुलकी काढायला गेली.

दाण्यात ते असतंच, ओत्ताविया,
मेंदूला, कातडीला, आतड्याला जे हवं ते,
पण कुलपात. आणि किल्ली म्हणजे
चिमूटभर चुना.
जहाजांनी गोण्या भरभरून दाणे आणले.
मडक्यातलं पांढरं पाणी कुणी आणलं नाही.
ज्या बायकांना ते ठाऊक होतं
त्यांना विचारावं असं
एकाच्याही मनात आलं नाही.

सगळ्यांनी मिळून तुला चुना लावला.
मक्याला तेवढा लावला नाही.

पण नाही, हे फारच नीट जुळतंय.
चुना नसता तरी चाललं असतं.
दिवसाला एक अंडं पुरलं असतं.
कोंबड्या दारातच फिरत होत्या,
मोजलेल्या.

तिसरी नोंद मी आज पाहिली.
अक्षर दुसऱ्या कुणाचं, घाईचं.
"नावेने स्वतःहून आली.
हात स्वच्छ. गळा स्वच्छ. जुलाब नाहीत.
उंदीर गिळला आहे असे म्हणते.
जेवण किती वाजता, असे विचारते.
सोबत मुलगी, वय सहा.
हिनेही गिळला आहे, म्हणते."